सुभा आरमार, मुक्काम पुणे

पुण्यास समुद्र नाही, आणि त्याचे वैषम्य वाटलेला पुणेकर माझ्या पाहण्यात नाही. मुळामुठेचा संगम, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजेस बांधविलेले तलाव आणि इंग्रजी अमदानीत अडविलेले खडकवासल्याचे पाणी, एवढ्या जलसंपत्तीवर हे शहर तृप्त असते. खारा वारा, भरती-ओहोटी आणि मासळी या तिन्ही गोष्टी घाटाखालच्या लोकांच्या, असा इथल्या जुन्या पेठांचा पिढीजात समज आहे. तथापि १७५६ पासून १८१८ पर्यंत, म्हणजे पुरी बासष्ट वर्षे, तोफा चढवून अरबी समुद्रावर फिरणाऱ्या एका लढाऊ आरमाराचे धनी याच शहरात राहत होते. त्याच्या खर्चाच्या नेमणुका, सुभेदारांच्या सनदा आणि पाडाव केलेल्या जहाजांचे जाबसाल येथेच होत. आणि ज्यांच्या सहीशिक्क्याने हा सारा कारभार चाले, त्यांपैकी किती जणांच्या पायाला जहाजाची फळी कधी लागली असेल, याची मला दाट शंका आहे.

या आरमाराचा माग काढण्यास निघालो तो म्हणूनच प्रथम कोकणात न जाता, कौन्सिल हॉलच्या बाजूस असलेल्या पेशवे दफ्तराच्या दगडी इमारतीत गेलो. कापडात बांधलेल्या कागदांच्या गाठोड्यास तेथे आजही रुमाल म्हणतात, आणि असे रुमाल तेथे ३५ हजारांच्या घरात आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या चार-पाच वर्षांत त्यांतून निवडून पंचेचाळीस भाग छापून काढले, ही गोष्ट ऐकताना माणूस स्तिमित होतो. परंतु रुमालांच्या त्या रांगा डोळ्यांनी पाहिल्या म्हणजे, पंचेचाळीस भाग हे त्या ढिगाच्या मानाने ओंजळभरच, हेही ध्यानात येते. कागद उलगडला की आधी डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत अखंड ओढलेली रेघ दिसते आणि मग तिला लोंबकळणारी, बोरू न उचलता लिहिलेली मोडी अक्षरे. शाई टिपण्यासाठी टाकलेल्या वाळूचा एखादा कण घडीत अजून अडकलेला असतो आणि कागद तिरपा धरताच उजेडात चमकून जातो.

आरमाराच्या जमाखर्चात वीरश्रीचा शब्द क्वचितच सापडेल. सागवान, लोखंडी खिळे, काथ्या, सुंभ, राळ, तेल, शिडाचे कापड, दारू, गोळे, खलाशांचा रोजमुरा आणि तांदूळ, अशी ती कलमे. आणि लढाऊ जहाजाचे खरे चरित्र लिहावयाचे झाल्यास ते याच कलमांतून लिहावे लागेल, असे माझे मत झाले आहे. लढाई हा जहाजाच्या आयुष्यातील अर्ध्या दिवसाचा प्रसंग असतो. उरलेली वर्षे ते कुजण्याशी झगडत असते, आणि त्या झगड्यात त्याच्या बाजूस सुतार, तेल आणि हुजुरातून वेळेवर आलेला पैसा यांवाचून दुसरे कोणी नसते.

मराठी आरमाराचा भरवसा दोन जातींच्या जहाजांवर असे. गुराब ही मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशेपासून तीनशे टनांपर्यंतची; तिचा तळ उथळ, आणि तिची नाळ निमुळती होत पुढे लांबवर पाण्यावर झुकलेली असल्याने नाळेवरच्या दोन वजनदार तोफा सरळ समोर मारा करू शकत. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे. त्यास चाळीस-पन्नास वल्ही, एक प्रचंड तिकोनी शीड आणि हलक्या तोफा. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी खिळून राही, आणि नेमक्या त्याच घटकेस वल्ही मारणारी गलबते गुराबांना दोरखंडांनी ओढीत त्याच्या पिछाडीस आणून सोडीत, जेथे त्याच्या बाजूच्या तोफांचा काही इलाज चालत नसे. भर समुद्रात तुफानाशी टक्कर देत महिनोन्‌महिने राहण्यासाठी ही जहाजे बांधलेलीच नव्हती. त्यांचे राज्य किनाऱ्याचे, खाड्यांचे आणि उथळ पाण्याचे. आणि तेवढ्या राज्यात कान्होजी आंग्र्यांच्या हयातीत, म्हणजे १७२९ पर्यंत, इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनीही एकेकट्याने आणि मिळूनही जे प्रयत्न केले, ते वाया गेले. इंग्रजी ग्रंथांतून कान्होजींस चाचा म्हणण्याची वहिवाट आहे. छत्रपतींचा सरखेल आपल्या धन्याच्या समुद्रात परवान्यावाचून फिरणारे जहाज अडवितो तेव्हा तो चाचा, आणि मुंबईकर कंपनी तेच करते तेव्हा ती सागरी सत्ता, ही नीती कोणत्या पाठशाळेत शिकवितात ते मला ठाऊक नाही.

दफ्तर वाचून झाले की स्थळ पाहावे, या जुन्या उपदेशास अनुसरून मी एका रात्री स्वारगेटहून एस.टी.ने निघालो. विजयदुर्गास जाण्याचे मार्ग अनेक. मी कोल्हापुरावरून गगनबावड्याचा धरला, कारण सह्याद्रीचा कडा आणि कोकणपट्टी यांतील अंतर म्हणजे काय, हे करूळ घाटात पोटात उठणाऱ्या गोळ्याने जितके कळते तितके नकाशाने कळत नाही. पहाटेच्या धुक्यात गगनबावडा मागे पडला. गाडी वळणे घेत उतरू लागली. हवेतील कोरडेपणा हळूहळू ओसरून अंगावर घामाचा पातळ लेप चढू लागला, वैभववाडीस उजाडले आणि तळेऱ्यास मुंबई-गोवा रस्ता ओलांडून गाडी पश्चिमेस वळली. तेथून पुढे जांभा दगडाचा उघडा सडा, त्यावर करपलेले गवत, मध्येच आंब्याच्या कलमांची बाग आणि फार खाली वाघोटणच्या खाडीचे पोलादी रंगाचे पाणी. पडेल कॅन्टीन या गमतीच्या नावाच्या तिठ्यावर चहा घेताना शेजारच्या बाकावरील एका वृद्ध गृहस्थांनी मी कुठला, हे विचारले आणि पुण्याचा म्हणताच, “म्हणजे आरमार जाळलंत ते तुम्हीच की हो!” असे म्हणून मिस्किलपणे चहाची बशी तोंडाला लावली.

त्या बोलण्यातील तिखटपणा विजयदुर्गाच्या तटावर उभे राहिल्यावाचून पुरता उतरत नाही. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूस जमिनीची चिंचोळी पट्टी आणि एकाच्या आत एक अशा तीन तटांच्या रांगा. बाहेरच्या तटावर तोफांच्या गोळ्यांनी पडलेले खळगे आजही दाखविले जातात. पायथ्याशी खाडीचे मुख आहे. मागे खारेपाटणापर्यंत आत शिरणारे खोल आणि शांत पाणी. तटावरच्या तोफांच्या छत्राखाली हवे तेवढे आरमार तेथे नांगरून ठेवावे. याच पाण्यात, १७५६ च्या फेब्रुवारीच्या १२ तारखेस, तुळाजी आंग्र्याची जहाजे तटाजवळ एकमेकांस जखडून उभी होती. ॲडमिरल वॉटसन याचा काफिला त्या दिवशी खाडीत शिरला. त्यात सत्तर तोफांचे ‘केंट’ होते, ‘कंबरलँड’ होते, ‘टायगर’ होते आणि जमिनीवरील पलटणीचा मुखत्यार म्हणून रॉबर्ट क्लाइव्ह होता. पाठीमागे, जमिनीच्या बाजूस, पेशव्यांचे कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्या फौजेचा तळ पडला होता. ती फौज किल्ल्याच्या मदतीस आली नव्हती. किल्ला घेण्यासच आली होती.

पेशवे आणि इंग्रज यांच्यात तहनामा झाला होता तो आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये. तुळाजी पेशव्यांस जुमानीत नव्हता, पेशव्यांचे दस्तक दाखविणाऱ्या व्यापाऱ्यांची जहाजेही लुटीत होता, हे खोटे नाही. नानासाहेबांच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते बोललेच पाहिजे. बंडखोर सरदाराचे पारिपत्य करणे हा राज्यकर्त्याचा धर्म होय. परंतु पारिपत्यासाठी त्यांनी ज्याची मदत मागितली, तो मदतनीस आंग्र्यांचे आरमार नष्ट होण्याची वाट दोन पिढ्या पाहत होता. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला आणि पुढील वर्षी पाळी विजयदुर्गाची आली.

दुपारी मारा सुरू झाला आणि थोड्याच अवधीत एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर येऊन पडला. या जहाजाचे चरित्र मला राहून राहून आकर्षित करते. ते मूळचे इंग्रजांचे, मुंबईच्या आरमारातील एक नामांकित लढाऊ जहाज. तुळाजीने काही वर्षांपूर्वी ते पाडाव करून आपल्या आरमारात सामील केले. म्हणजे मुंबईकरांच्या पैशाने बांधलेले, मुंबईकरांच्या तोफा वाहणारे जहाज आंग्र्यांचे निशाण लावून मुंबईकरांवरच चालून जात होते. आणि शेवटी मुंबईकरांच्याच गोळ्याने पेटून त्याने आपल्या नव्या धन्याचे आरमार भस्मसात केले. ज्वाळा दोरखंडांवरून, शिडांवरून, डांबर-राळेने माखलेल्या फळ्यांवरून एका जहाजापासून दुसऱ्याकडे धावल्या. सूर्यास्त होईपर्यंत पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत भीतिदायक आरमार उरले नव्हते. किल्ला मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून क्लाइव्ह त्याच रात्री जमिनीवर उतरून मध्ये उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर इंग्रजी निशाण चढले. आत सापडलेल्या दहा लाखांच्या लुटीत पेशव्यांच्या फौजेस वाटा मिळाला नाही. तुळाजी मात्र पेशव्यांच्या हाती आला होता. त्याचे उर्वरित आयुष्य किल्ल्याकिल्ल्यांच्या बंदिखान्यांत संपले.

विजयदुर्ग परत मिळण्यास पुणे दरबारास ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली. त्या महिन्याच्या १२ तारखेस पुण्यात तह झाला, बाणकोट कायमचे इंग्रजांस गेले आणि किल्ले विजयदुर्ग पेशव्यांस मिळाला: खाडी होती, तट होता, गोदी होती, जहाजे तेवढी नव्हती. आणि मग, ज्या आरमाराचा नाश करविला त्याच्या राखेवर, पेशव्यांनी ‘सुभा आरमार’ नावाचे नवे खाते उघडले.

ती गोदी पाहण्यासाठी मी किल्ल्यापासून कोसभर आत, गिर्ये गावाच्या अंगास गेलो. रस्ता सोडून करवंदीच्या जाळ्यांतून उतार उतरला की खाडीचा एक फाटा जमिनीत घुसलेला दिसतो, आणि त्याच्या काठाशी, काही ठिकाणी खडक तासून आणि काही ठिकाणी चिरे रचून केलेली, साडेतीनशे फुटांच्या आसपास लांबीची ती प्रचंड चौकट. मी पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. चिखलातून खेकडे धावत होते, कांदळाची रोपटी चिऱ्यांच्या फटींतून वर आली होती आणि एका बाजूच्या खडकावर छिन्नीचे घाव इतके स्पष्ट होते की, त्यावरून बोट फिरविले असता पाथरवटाच्या हाताची दिशा कळावी. यांत्रिक दरवाजा नाही, पंप नाही. भरतीच्या पाण्यावर जहाज आत तरंगत आणावयाचे, ओहोटीने पाणी निघून गेले की तोंड बंद करावयाचे आणि जहाज कोरड्यावर उभे राहावयाचे, एवढी साधी ही योजना. आंग्र्यांच्या काळची ही गोदी पुढे पेशव्यांच्या आरमारासही उपयोगी पडली.

येथे उभे राहिले म्हणजे दफ्तरातील कलमे एकेक करून जिवंत होतात. सागवान तोडण्यापासून प्रारंभ. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे तोडावे, याचा विचार आहे: सागवानादी वृक्ष हुजूरच्या परवानगीने तोडावे, आंबा-फणसासारख्या झाडांस रयतेने लेकरासारखे वाढविलेले असते म्हणून त्यांस बळाने हात लावू नये, असा त्याचा आशय. तोडलेले लाकूड सुकवून मग पठाण, म्हणजे जहाजाचा तळकणा, मांडावयाचा. त्यावर फासळ्या उभारावयाच्या आणि फासळ्यांवर फळ्या ठोकावयाच्या. सागवानाच्या अंगी असे तेल असते की त्यात ठोकलेला लोखंडी खिळा गंजत नाही. युरोपातील ओक लाकडाच्या आम्लाने तोच खिळा खाल्ला जातो. शिवाय तोफेचा गोळा लागला असता ओकाच्या ढलप्या उडून जितकी माणसे मरत, तितकी सागवानी जहाजावर मरत नसत. फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठासून त्यावर राळ आणि तेल चढविले की जहाज पाण्यात लोटण्यास सिद्ध.

त्यानंतरचे आयुष्य ऋतुमानाने चाले. नारळी पौर्णिमेस समुद्र खुला झाला की आरमार बाहेर पडे, परवाने तपासी, आपल्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांस सोबत करी, दस्तक नसलेले जहाज धरून आणी. आणि वैशाख सरत आला, मळभ दाटू लागले, की कोणत्या तरी सुरक्षित खाडीत परतून छावणी करी. आज्ञापत्रात याचीही तजवीज आहे: आरमारास पावसाळ्यात किल्ल्याच्या आश्रयाने ठेवावे, आणि दरसाल त्याच बंदरी ठेवू नये, म्हणजे एकाच गावच्या रयतेस उपद्रव होणार नाही. पावसाळ्याच्या त्या चार महिन्यांत जहाजाचे जे होई तेच त्याचे आयुर्मान ठरवी. पाण्याखालच्या फळ्यांत शिरून आतल्या आत पोखरणारी समुद्री कीड हा तोफेहून मोठा शत्रू होता. तळ दरवर्षी खरवडावा लागे, पुन्हा सांधावा लागे, चुन्या-तेलाचे लेप द्यावे लागत, आणि एका मोसमात हे काम चुकले तर पुढील मोसमात गळती उपसणारी माणसे तोफांवरून काढावी लागत. सुताराची मजुरी महिनाभर थकली तर पुण्यात कोणाचे काही बिघडत नसे. येथे एक गुराब निकामी होई. फौजेचा घोडा मेला तर पागेतून दुसरा निघतो, आणि शिपाई पळाला तर मुलुखात दुसरा मिळतो. जहाज मात्र नव्याने उभे करण्यास जंगल, सुतार आणि कित्येक महिने लागतात, हे घोड्यावर बसून वाढलेल्या कारभाऱ्यांच्या लक्षात येणे कठीणच होते.

अशा स्थितीतही या आरमाराने एकदा मुंबईकरांच्या उरात धडकी भरविली. सुभेदार आनंदराव धुळप हे या सुभ्याचे सर्वांत कर्तबगार पुरुष. १७८३ च्या एप्रिलच्या ८ तारखेस त्यांच्या आरमाराने मुंबईहून दक्षिणेकडे जाणारे ‘रेंजर’ नावाचे इंग्रजी लढाऊ जहाज गाठले. जहाज लहानसेच, बारा तोफांचे. परंतु त्यावर कर्नल मॅक्लाउड, कर्नल हंबरस्टन आणि मेजर शॉ असे बेदनूरकडील फौजेस मिळण्यास निघालेले अंमलदार होते. कित्येक तास झुंज चालली. अखेर मराठे त्या जहाजावर चढले. शॉ ठार झाला, हंबरस्टन जखमांनी काही दिवसांत वारला आणि ‘रेंजर’ ओढून विजयदुर्गास आणण्यात आले. यश झळझळीत होते, पण अडचण एवढीच की, साल्बाईचा तह १७८२ च्या मेमध्येच ठरला होता आणि नाना फडणिसांनी लांबवीत आणलेला त्याचा सहीशिक्का १७८३ च्या फेब्रुवारीत पुरा झाला होता. इंग्रज आता शत्रू राहिले नव्हते. तहाची बातमी आपणांस पोहोचलीच नव्हती, असे धुळपांचे म्हणणे पडले. पुणे दरबाराने जहाज परत केले. पुण्याहून विजयदुर्गास जासूद आठवड्याभरात सहज जाई, आणि मध्ये सहा आठवडे गेले होते. बातमी धाडली नाही की धाडलेली बातमी नजरेआड केली, याचा निर्णय मी देत नाही. परंतु तहाचा मसुदा करताना ज्यांना घोडदळाच्या प्रत्येक पथकाची आठवण राहिली, त्यांना समुद्रावरही आपले एक सैन्य आहे याची आठवण उशिराच झाली असावी, असे मानण्याकडे माझा कल आहे.

गिर्ये गावच्या रामेश्वराच्या देवळात एक घंटा आहे. ती पाडाव केलेल्या पोर्तुगीज जहाजावरची, असे तेथे सांगतात. मी ती हळूच वाजवून पाहिली. आवाज देवळातल्या घंटेहून कोरडा, हुकूम सोडल्यासारखा वाटला; ऐकीव माहितीने कान फितूर झाले असतील तर न कळे. एवढ्या मोठ्या आरमाराचे हाती लागण्याजोगे असे त्या गावात मला तेवढेच मिळाले. १८१८ मध्ये विजयदुर्ग इंग्रजांच्या ताब्यात गेला, सुभा संपला, आणि जहाजांपैकी एकही आज दाखविता येत नाही.

लाकूडच ते, किती टिकणार, असे कोणी म्हणेल म्हणून आणखी एका जहाजाची हकीकत सांगतो. मागे मुलीकडे इंग्लंडात गेलो असता तेथील ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या गावी मी ‘ट्रिंकोमाली’ नावाची फ्रिगेट पाहिली. बाहेर हाडे गोठविणारा वारा, आणि आत खालच्या मजल्यावर उतरताच, वाकून चालावे लागेल अशा ठेंगण्या तुळ्यांखाली, आपल्या जुन्या वाड्याच्या माजघरात यावा तसा सागवानाचा वास. तो येणारच, कारण ते लाकूड मलबारचे आणि ते जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले. पारशी रिवाजाप्रमाणे पठाणात चांदीचा खिळा ठोकून १८१६ मध्ये त्याची मांडणी झाली, आणि १८१७ च्या ऑक्टोबरच्या १२ तारखेस ते पाण्यात उतरले. ती तारीख वाचताच मी जागच्या जागी थबकलो. त्यानंतर आठवड्याने पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने दसरा साजरा केला, ५ नोव्हेंबरास खडकीची लढाई झाली आणि १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागले. ज्या हंगामात पुण्याचे राज्य बुडाले, त्याच हंगामात तीस कोसांवर हे जहाज प्रथम तरंगले, आणि अद्याप तरंगतेच आहे.

त्याची नोकरी काही फार पराक्रमाची झाली असे नाही. १८१९ मध्ये ते पोर्ट्समथला पोहोचले तेव्हा नेपोलियनची युद्धे संपून गेली होती. डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून त्यास सव्वीस वर्षे नुसते ठेवून दिले. पुढे तोफा कमी करून, पिछाडीची घडण बदलून ते १८४७ मध्ये उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या समुद्रात गेले, १८५२ पासून पाच वर्षे पॅसिफिकमध्ये राहिले, आणि परत आले तोवर वाफेच्या लोखंडी जहाजांनी त्याचे दिवस संपविले होते. मग तरुण खलाशांची तालीम घेण्याचे काम आले. १८९७ मध्ये ते मोडीत निघाले. व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने ते विकत घेऊन वाचविले, त्याचे नावही बदलले आणि पुन्हा मुलांच्या तालमीसाठी ते नव्वद वर्षांच्या आसपास वापरात राहिले. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणण्यात आले आणि २००१ पर्यंत दुरुस्ती चालून आज जे उभे आहे, त्यात निम्म्याहून अधिक लाकूड मूळचे आहे. आपल्याच किनाऱ्यावरचे लाकूड, आपल्याच प्रांतातले कारागीर. गिर्ये येथील गोदीत उभ्या राहणाऱ्या गुराबेहून हे जहाज निराळ्या मातीचे नव्हते. निराळे होते ते एवढेच की, दोनशे वर्षे कोणी ना कोणी त्याच्या तेलाचा, राळेचा आणि सुताराच्या मजुरीचा खर्च मंजूर करीत राहिले.

पुण्यास परतल्यावर एका संध्याकाळी खडकवासल्याकडे गेलो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे नाविक छात्र धरणाच्या पाण्यावर शिडाच्या लहान होड्या चालविण्याचा सराव करतात. पलीकडच्या रस्त्यावर कणीस भाजणाऱ्या बाईभोवती गर्दी होती आणि त्या पांढऱ्या शिडांकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. तिकडे लोणावळ्यास, जेथे बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांच्यात सलोखा झाला, त्याच परिसरात ‘आयएनएस शिवाजी’ ही नौदलाच्या अभियंत्यांना शिकविणारी संस्था १९४५ पासून आहे. घाटमाथ्यावर दर्यावर्दी घडविण्याचे काम आजही चालले आहे. पेशव्यांपेक्षा ते अधिक नेटाने चालले आहे, हेही कबूल केले पाहिजे.

नानासाहेबांना मी दोष देतो तो तुळाजीस मोडल्याचा नव्हे. तुळाजी कैद झाला असता आरमार वाचविता आले असते. ते वाचविण्याचे कलमच १७५५ च्या तहात पुरेशा आग्रहाने कोणी धरले नाही, हा तो दोष. नंतर बासष्ट वर्षे जो सुभा चालविला तो त्या एका दुपारच्या नुकसानीची भरपाई करण्यातच खर्ची पडला, आणि ती भरपाई अखेरपर्यंत झाली नाही.

विजयदुर्गास जाणारे बहुतेक लोक किल्ला पाहून, मासे खाऊन परततात. त्यांनी गिर्येच्या गोदीसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा आणि गावात ओहोटीची वेळ विचारून मगच उतरावे, कारण भरतीच्या वेळी तेथे पाण्यावाचून काही दिसत नाही. आणि पुण्यात मोडी शिकणाऱ्या तरुण मंडळींस, भारत इतिहास संशोधक मंडळात आणि अन्यत्र जे वर्ग चालतात तेथे जाणाऱ्यांस, माझी एक विनंती आहे: पानिपत आणि खर्डा यांचे कागद पुष्कळांनी वाचले आहेत, आता काही जणांनी सुभा आरमाराचे रुमाल सोडावेत. एकाच गुराबेचे, पठाण मांडल्यापासून मोडीत निघेपर्यंतचे, कलमवार चरित्र त्यांतून जुळविता आले तरी मराठीत ते नवे ठरेल.